आम्हांला न जमलेले खेळ

जे आपल्याला आवडत नाही त्याची माणसाला सहसा खंत वाटत नाही. कारले न खाणारा कारल्यासाठी झुरत नाही. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र आमचे उलटे झाले आहे. हे खेळ आपल्याला आवडावेत अशी आमची मनापासून इच्छा आहे, आणि ते काही केल्या आवडत नाहीत.

याला थोडे वयाचे कारण आहे. टीव्हीला जोडून, कॅसेट घालून खेळायचे ‘मारिओ’ व ‘कॉन्ट्रा’ नव्वदच्या दशकात आपल्याकडील घरांत शिरले, तेव्हा आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांच्याशी झटत होतो. अंगठ्यांना वळण लागण्याचे वय तेथेच सरले.

आज आमच्या धर्मग्रामातील मुलांच्या तोंडी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ आहे. ‘पबजी’ या मूळ रूपावर सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये नवे नाव धारण करून तो परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा अदृश्य झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा प्रकटला. मुले त्याला अजून पबजीच म्हणतात. नाव बदलले तरी जुने जिभेवरून उतरत नाही, हे आम्हा संभाजीनगरकरांना कोणी सांगायला नको! शंभर जण छत्रीने बेटावर उतरतात, शस्त्रे शोधतात, सुरक्षित वर्तुळ आक्रसत जाते आणि अखेरीस उरेल तो जिंकतो. मुलांनी आम्हांला अनेकदा सोबत घेतले. एखाद्या भिंतीकडे तोंड करून उभे असतानाच आम्ही बहुधा मारले जातो.

हिंसेमुळे हा खेळ आम्हांला रुचत नाही, असे म्हणून सुटता आले असते. पण मुलांच्या शेजारी बसून पाहिले की ते कारण पुरेसे वाटत नाही. चौघांची तुकडी असते. एक घायाळ झाला की दुसरा गोळीबारातून धावत जाऊन त्याला उठवतो. मुलांचे डोळे चमकतात ते त्या क्षणी. ती चमक आम्हांला दिसते, पण आमच्यात उतरत नाही.

‘माइनक्राफ्ट’चे दुःख वेगळे. २०११ साली पूर्ण रूपात आलेल्या या खेळाच्या तीस कोटींहून अधिक प्रती आजवर खपल्या आहेत. सारे जग ठोकळ्यांचे. खोदायचे आणि रचायचे. एका वेदीसेवकाने त्यात आपले कॅथेड्रल उभारले आणि मोठ्या हौसेने आम्हांला दाखवले. आम्ही विचारले, “छान. आता पुढे काय?” तो गोंधळला. म्हणाला, “फादर, पुढे काही नसतं. बांधायचं.” हे ‘पुढे काय’ आमच्या हाडीमांसी खिळले आहे. मिस्सा झाली की भेटी, भेटी झाल्या की हिशेब.

योगायोग असा, की ज्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने आपले कॅथेड्रल आहे, त्यांनी या विषयावर लिहून ठेवले आहे. भक्तिमय जीवनाविषयीच्या, १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात खेळांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. मैदानी चेंडूखेळांना आणि बुद्धिबळाला ते मोकळ्या मनाने परवानगी देतात. मात्र पाच-सहा तास बुद्धिबळ खेळून उठणाऱ्याचे मन थकून जाते, असे बजावतात. नशिबावर पैसा लावणारे फासे व पत्ते यांना ते थारा देत नाहीत. (पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. संत महाशय चारशे वर्षे पुढे होते.) संत योहानाची जुनी कथाही ते सांगतात. हातावरच्या तित्तिराशी रमलेल्या योहानाला पाहून शिकारी चकित झाला. तेव्हा योहानाने विचारले, तू तुझे धनुष्य सदैव ताणलेले का ठेवत नाहीस? संत थॉमस अक्विनास तर याहून पुढे जातात. जो स्वतः कधी खेळत नाही आणि दुसऱ्याच्या खेळावर विरजण घालतो, त्याच्या ठायी ते दोष मानतात.

सेमिनरीत आम्ही हे परीक्षेपुरते वाचले होते. आज ते आमच्याच नावे लिहिलेले पत्र वाटते.

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुटिस याला संतपद दिले. २००६ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. त्याच्याकडे प्लेस्टेशन होते आणि आठवड्याला एक तास एवढीच मर्यादा त्याने स्वतःला घालून घेतली होती. तेव्हापासून आमच्याकडील आईवडील मुलांना हा ‘एक तास’ सारखा ऐकवतात. तो तास तो खेळत असे, आणि ते त्याला आवडत असे, हे सांगायचे बहुधा राहून जाते. वाचकहो, मुले ते बरोबर हेरतात.

सध्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर तो वेदीसेवक, इतर मुलांच्या घोळक्यात, आम्हांला माइनक्राफ्ट शिकवतो. दिवस मावळला की तेथे झोंबी येतात. त्याआधी चार भिंती रचून दार लावून घेणे एवढे आता जमते. “आवडलं का, फादर?” असे तो दर वेळी विचारतो. “अजून नाही,” असे आम्ही सांगतो. मग तो फावडे पुन्हा आमच्या हाती देतो.