वय झाले, असे म्हणण्यापूर्वी

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची असताना एके सकाळी म्हणाली, "चप्पल पायातून कवा निसटली, कळतच नाही बघ." तीर्थपुरीतल्या माझ्या दवाखान्यात त्या वेळी गर्दी होती. मी मान वर न करताच उत्तर दिले, "वय झालं, आई. त्यात साखर आहे." तिला थकवाही जाणवत होता. रक्त तपासले, हिमोग्लोबिन कमी आढळले, म्हणून लोहाच्या आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या सुरू केल्या. दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन काहीसे वाढले आणि मी निश्चिंत झालो. त्यानंतर एका पहाटे, अंधारात न्हाणीकडे जाताना ती पडली.

सुदैवाने हाड मोडले नाही. परंतु डोळे मिटून उभे राहायला सांगताच तिचा तोल गेला. मी जुना अहवाल पुन्हा काढला. तांबड्या पेशींचा आकार प्रमाणाबाहेर मोठा असल्याचे त्यात स्पष्ट छापलेले होते. लोह कमी पडले तर पेशी लहान होतात, मोठ्या नव्हे. मी केवळ हिमोग्लोबिनचा आकडा वाचला होता. जालन्याला नमुना पाठवला, तेव्हा बी-12 जीवनसत्त्व अत्यंत कमी निघाले.

पेशी मोठ्या का होतात, हे समजण्यासाठी डीएनएकडे वळावे लागते. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रात सुमारे दोन मीटर लांबीचे हे धागे गुंडाळून ठेवलेले असतात. त्यांची रचना पीळ दिलेल्या शिडीसारखी असते, हे 1953 साली वॉटसन आणि क्रिक यांनी मांडले. शिडीच्या पायऱ्या ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांच्या. ए समोर नेहमी टी, जी समोर नेहमी सी. या अक्षरांच्या क्रमातच शरीरातली प्रथिने कशी घडवायची, याच्या सूचना लिहिलेल्या असतात.

पेशीला दोन व्हायचे असेल, तर आधी या संपूर्ण मजकुराची नक्कल व्हावी लागते. शिडी मधोमध उकलते, प्रत्येक अर्ध्या भागासमोर जोडीचे अक्षर येऊन बसते आणि एकाच्या दोन शिड्या होतात. एका संचात सुमारे 300 कोटी अक्षरे, आणि अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या तांबड्या पेशी तयार होतात! म्हणजे हे नक्कल करण्याचे काम म्हातारपणीही अखंड चालूच असते.

जुन्या छापखान्यात एका अक्षराचे खिळे संपले की पान अडून राही. येथेही तसेच घडते. टी हे अक्षर घडवायला फोलेट लागते, आणि ते फोलेट वापरण्याजोगे राहावे यासाठी बी-12 लागते. यांपैकी एक जरी कमी पडले, तरी नक्कल रखडते. पेशी वाढत राहते, पण वेळेवर विभागत नाही. म्हणून पेशी थोड्या, आणि आकाराने मोठ्या.

या शोधाचा एक धागा आपल्या मुंबईत आहे. 1928 साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर तेथे आल्या आणि कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. त्या स्त्रियांच्या रक्तपेशीही अशाच मोठ्या होत्या. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे विल्स यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच फोलेट, हे पुढे उमगले.

माझी चूक नेमकी येथेच होती. फोलिक आम्लाने आईचे रक्त सुधारले, पण मज्जातंतूंच्या आवरणासाठी बी-12 च हवे असते. तेथे फोलिक आम्ल उपयोगी पडत नाही. रक्ताचा आकडा वाढत असताना तिच्या पायांची संवेदना हरपत होती.

आई माळकरी. वनस्पतिजन्य अन्नात बी-12 जवळजवळ नसतेच, आणि दूधही ती चहापुरतेच घेई. वयोमानाने जठरातील आम्ल घटते, त्यामुळे अन्नातले बी-12 नीट शोषले जात नाही. शिवाय मधुमेहासाठी ती दहा वर्षे मेटफॉर्मिन घेत होती. त्यानेही हे शोषण कमी होते. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचेही तसेच. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तपासणी करून घ्यावी. पायांना मुंग्या येणे, अंधारात तोल जाणे, जीभ लालबुंद व गुळगुळीत होणे, विसरभोळेपणा वाढणे, ही लक्षणे घरातल्या माणसांनीच आधी टिपायची असतात.

इंजेक्शने सुरू केल्यावर काही आठवड्यांतच आईचा थकवा गेला. पाय सुधारायला वर्ष लागले. बोटांची बधिरता मात्र राहिलीच. ती आता काठी घेऊन चालते आणि मला दोष देत नाही. दवाखान्यात एखादी आजी पायांविषयी बोलू लागली, की मी हातातले काम बाजूला ठेवतो आणि तिला आधी चप्पल काढायला सांगतो.