गालातला अडकित्ता

बांगड्याचं डोकं पुढ्यात टाकलं की आमची मनी मान तिरकी करते. पुढच्या दातांनी ती घास फक्त उचलते. मग डोकं एका बाजूला कलतं, डोळे अर्धवट मिटतात आणि गालाच्या आत कोपऱ्यात कुठेतरी कट्‌ आवाज होतो. लहानपणी मला वाटायचं, मांजरं चवीने खाताना अशीच मान कलवत असतील. पुढे कळलं, ती घास एका दाढेकडे नेत असते. मान वळते ती तिच्यासाठी.

वाघाचं चित्र काढणारं पोर आधी सुळे काढतं. सुळ्यांचा दरारा मोठा आहे आणि तो खराही आहे. पण सुळे मारतात, खाऊ घालते ती ही दाढ. वरच्या जबड्यातली शेवटची उपदाढ आणि खालच्या जबड्यातली पहिली दाढ अशी ही जोडी असते. दोघींच्या माथ्यावर आपल्या दाढांसारखं सपाट अंगण नाही, धार आहे. तोंड मिटताना एक पातं दुसऱ्याला घासून खाली उतरतं. अडकित्त्यात सुपारी टोकाशी न धरता बिजागरीजवळ का धरतात, हे आजीच्या पानाच्या डब्याशी बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. ही जोडीही जबड्याच्या बिजागरीकडे सरकून बसली आहे, जिथे जोर जास्त मिळतो. पात्याच्या मधोमध एक खाच असते, तिच्यात मांस अडकतं आणि निसटत नाही. वापराने सुरी बोथट होते. इथे वरचं पातं खालच्याला घासत राहतं आणि त्या घासण्यानेच धार टिकते.

या दाढेचं घराणं फार जुनं, सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचं. मांजर, कुत्रा, तरस, मुंगूस, अस्वल हे सगळे ज्या मांसभक्षी गणात मोडतात, त्याला १८२१ साली शास्त्रीय नाव मिळालं. या गणाची खूण म्हणजे हीच जोडी. पण गण मांसभक्षी म्हणून त्यातला प्रत्येक प्राणी मांसावरच जगतो असं नाही, आणि इथेच हिचा स्वभाव कळू लागतो. अभ्यासकांनी आहारावरून पायऱ्या पाडल्या आहेत. पोटात जाणाऱ्या अन्नात ७० टक्क्यांहून जास्त मांस असेल तर अतिमांसाहारी, निम्मं ते ७० टक्के असेल तर मध्यम, ३० टक्क्यांहून कमी असेल तर अल्प. लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्याच्या पोटात काय होतं हे कुणाला विचारणार? तिथे दाढ बोलते. ती किती धारदार आहे एवढंच पाहायचं नसतं, तिच्या मागे कोण राहतं तेही पाहायचं असतं.

मांजरात खालच्या दाढेमागे कुणीच नाही. जबडा तिथेच संपतो. वरच्या पात्यामागे नखाएवढी एक दाढ उरली आहे. दळायला जागाच नाही, म्हणून मनी चावत नाही, कातरते आणि गिळते. तिचं उरलेलं शरीरही तसंच आहे. गोड चव तिला लागत नाही. हृदयाला आणि डोळ्यांना लागणारं टॉरिन तिला पुरेसं बनवता येत नाही, ते मांसातूनच यावं लागतं.

कुत्र्यात मागची खोली भाड्याने दिलेली असते. पात्यामागे वर दोन, खालीही दोन दळणाऱ्या दाढा असतात, शिवाय खालच्या पात्याचा मागचा भागही खोलगट असतो. म्हणून त्याला भाकरी चालते. त्याच्याच नात्यातल्या, ताडोब्याच्या जंगलात टोळीने शिकार करणाऱ्या कोळसुंद्याने मात्र खालची शेवटची दाढ गमावली आहे आणि खोलगट भागावरही धारेचा एकच उंचवटा ठेवला आहे. अस्वलाने उलट केलं: पातं बोथट होऊ दिलं आणि मागच्या दाढा लांबरुंद केल्या. मोह, बोरं, मध, वाळवी खाणारं आपलं अस्वल त्याच गणात नाव लावून आहे. तरसाचं मला विशेष वाटतं. हाडं फोडायला ते पुढच्या जाडजूड उपदाढा वापरतं आणि मागची धार जपून ठेवतं.

या दाढेची एक गोष्ट मनाला लागते. एखाद्या घराण्यात ती जितकी लांब आणि धारदार होत जाते, तितक्या मागच्या दाढा आकसतात आणि एकदा गेल्या की सहसा परत येत नाहीत. उत्तर अमेरिकेतल्या जीवाश्मांत कुत्र्यांच्या कुळातले असे कितीतरी निव्वळ मांसावर गेलेले प्राणी सापडले. ते मोठे झाले, बलदंड झाले आणि संपले.

आमच्या मोत्या कुत्र्याच्या उजव्या डोळ्याखाली एकदा सूज आली. मी डोळ्याचं औषध मागायला गेले. डॉक्टरांनी डोळ्याकडे पाहिलंच नाही, ओठ वर उचलला. दगडासारखं हाड चावताना वरचं पातं चिरलं होतं. त्या दाढेची तीन मुळं थेट डोळ्याखालपर्यंत पोहोचतात; पू तिथून वर चढला होता. दाढ काढल्यावर चार दिवसांत सूज उतरली आणि मोत्या दूधभाकरीवर खूश राहिला. त्याला ते जमतं.

मनी आता चौदा वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात तिची उजवीकडची खालची दाढ मुळाशी झिजली, काढावी लागली. वरचं पातं एकटंच राहिलं. पहिले काही दिवस ती सवयीने उजवीकडेच मान कलवायची. कट्‌ आवाज व्हायचा नाही, घास गालातून निसटून फरशीवर पडायचा, ती तो पुन्हा उचलायची. आता डावीकडे कलते. बांगड्याचं डोकं मी आधी बोटांनी मोडून, काटे काढून तिच्या पुढ्यात ठेवते.