पाच व्होल्ट आले म्हणून

‘तुमच्या कामाबद्दल लिहा, पण सर्किटात शिरू नका,’ असं संपादकांनी बजावलंय. नाडी न धरता दुखणं सांगण्यासारखंच आहे हे. बघू कुठवर जमतं. येडशीत बसून जुने होम कॉम्प्युटर दुरुस्त करतो म्हटलं की लोक आधी हसतात, मग त्यांना माळ्यावरचं खोकं आठवतं.

सध्या डोक्यात आहे तो बार्शीहून आलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीचा मूळ स्पेक्ट्रम 1982 सालचा. त्याच्या ‘प्लस’ मॉडेलची भारतीय आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 1986 मध्ये आणली. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्रॅम भरायचा. मालक निवृत्त गणिताचे सर. तक्रार एकच : पडद्यावर उभे पट्टे. आधीच्या कारागिराने सगळे कंडेन्सर बदलून ‘पॉवर सप्लाय ओके’ म्हणून परत दिलेला.

ओके कशावरून? पाच व्होल्ट आले म्हणून!

आता थोडं शिरावंच लागेल. ॲडॅप्टर 9 व्होल्ट डीसी देतो. आतला 7805 रेग्युलेटर त्याचे 5 करतो. पण पहिल्या 16 के मेमरीच्या 4116 या आठ चिपांना 5 पुरत नाहीत; त्यांना 12 आणि उणे 5 देखील लागतात. हे दोन व्होल्टेज एक छोटी कॉइल आणि टीआर4 नावाचा ट्रान्झिस्टर तयार करतात. टीआर4 गेला तरी मीटर 5 व्होल्ट अगदी चोख दाखवतो. वर उणे 5 सगळ्यांत आधी यावा आणि सगळ्यांत शेवटी जावा, अशी या चिपांची अट. तो नसताना 12 मिळाले तर चिपा मरतात. सरांच्या मशीनमध्ये टीआर4 गेलेला, उणे 5 गायब आणि काही चिपा कायमच्या बाद.

ॲडॅप्टरबद्दलचे गैरसमज तर विचारू नका. ‘नऊचा आहे आणि तेरा दाखवतोय, जळाला!’ अहो, तो रेग्युलेटेड नाही. लोड नसताना जास्तच दाखवणार. लोड लावून मोजा. आणि आमच्याकडे संध्याकाळी लाइट 180 वर उतरली की 230 वर 9 देणारा ॲडॅप्टर जेमतेम 7 देतो. 7805 ला 5 धरून ठेवायला साधारण तेवढे लागतातच. मग कॉम्प्युटर मधेच रिसेट होतो आणि दोष बिचाऱ्या चिपांवर जातो. बाजारातला दुसरा ॲडॅप्टर लावताना तर जपूनच : स्पेक्ट्रमच्या पिनेत मधलं टोक उणे असतं, हल्लीच्या बहुतेक ॲडॅप्टरच्या उलट.

आता कंडेन्सर. ‘जुनं मशीन ना? आधी सगळे कंडेन्सर बदला,’ हा मंत्र हल्ली जो तो म्हणतो. ते वाळतात, मान्य. मीही बदलतो, पण मोजल्यावर. आधी तिन्ही व्होल्टेज, मग स्कोपवर रिपल, मग सोल्डरिंग. न मोजता सगळं बदललं की मशीन कधीकधी चालूही होतं; पण नेमकं काय बिघडलं होतं ते कळायची वाट बंद होते. सरांना जुने कंडेन्सर मागितले. म्हणाले, ‘ते त्यांनी टाकून दिले असतील.’

त्यामुळे टीआर4 आपल्या वयाने गेला, की एखादा कंडेन्सर शॉर्ट होऊन त्याला घेऊन गेला, की दुरुस्तीतच काही उलटं बसलं होतं, हे आता ठरवता येत नाही. कुणाला दोष द्यायचा म्हणून नव्हे, पण कारण आतच राहिलं असेल तर माझा नवा टीआर4 देखील जाईल आणि मुश्किलीने मिळवलेल्या चिपा घेऊन जाईल. मशीन टेबलावर व्यवस्थित चालतंय, तरी द्यायला मन घेत नाही. सरांना वाटतं मी टंगळमंगळ करतोय.

तर विनंती एवढीच. माळ्यावरून असा कॉम्प्युटर काढलात तर ‘चालतो का बघू’ म्हणून प्लग लावू नका. त्याला बंद करायचं बटणही नाही. आणि आधी कुणी हात लावला असेल, तर काढलेले पार्ट पिशवीत घालून सोबत आणा. मला ते नव्या पार्टपेक्षा जास्त कामाचे.