पुघातचे पुढे काय झाले?

गोष्ट अर्धवट राहिली की माणसाला चैन पडत नाही, हे मला मान्य आहे. पण तुटलेली गोष्ट मनाने जोडून देणाऱ्यांचा मला अलीकडे राग येऊ लागला आहे. त्याला कारण झाली पुघात नावाची एक मुलगी.

ही पुघात युगारितच्या काव्यातली. सीरियाच्या किनाऱ्यावर, लाताकियाजवळ, १९२८ साली एका शेतकऱ्याच्या नांगराला थडग्याचा दगड लागला. पुढच्या वर्षी फ्रेंच संशोधक क्लोद शेफर यांनी खणायला घेतले आणि रास शाम्राच्या टेकाडाखालून इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास उद्ध्वस्त झालेले नगर वर आले. तिथे मातीच्या पाट्या निघाल्या; त्यांवरची ३० चिन्हांची लिपी १९३० मध्येच उलगडली. मात्र पाट्या धड थोड्या. कुठे कोपरा उडालेला, कुठे मधल्या ओळी खरवडलेल्या. त्यातून स्वर लिहिण्याची बहुधा चाल नाही आणि शब्द पुष्कळदा तीन व्यंजनांचे. एक अक्षर गेले की शब्दाचा तिसरा हिस्सा गेला!

तरी विद्वान वाट काढतात, कारण कवी तेच तेच पुन्हा सांगतो. पुघातचा बाप दानेल. त्याला मुलगा हवा. (पुघात होती, पण मुलगी हिशेबात धरायची नसते!) चांगल्या मुलाने काय करावे याची यादी काव्यात चार वेळा येते: बाप प्याला तर हात धरावा, चिखलाच्या दिवसांत छत लिंपावे, मळकी वस्त्रे धुवावीत. आमच्याकडेही कौले चाळायचे चिरंजीवांना चारदा सांगावे लागते. एका यादीतली भोके दुसरीवरून बुजवता येतात. मात्र नुसती नक्कल चालत नाही. कुठे ‘त्याचा’ बाप, कुठे ‘माझा’, कुठे ‘तुझा’; सर्वनाम बदलावे लागते. शिवाय मोकळ्या जागेत अक्षरे मावतात का, हेही मोजावे लागते. एवढे करून भरलेली अक्षरे चौकोनी कंसात ठेवायची. हा कंस मला फार आवडतो. ‘हे पाटीवर नाही, मी घातले आहे,’ असे तो सरळ सांगतो.

पुण्यात भांडारकर संस्थेने १९६६ साली महाभारताची चिकित्सित आवृत्ती पुरी केली, तेव्हा हाताशी ढीगभर पोथ्या होत्या. या काव्याची प्रत एकच. साक्षीदार म्हणून बोलवायचे तर त्याचे त्यालाच.

पुढे दानेलला अकहात हा मुलगा होतो. त्याच्या धनुष्यावर अनात देवी लुब्ध होते. तो देत नाही, म्हणून ती यात्पान नावाच्या मारेकऱ्याकडून त्याला ठार करवते. आता सूड घ्यायला निघते ती पुघात. आत वीराचा वेष आणि शस्त्रे, वरून बायकी वस्त्रे. यात्पान तिच्या हातून मद्य घेतो, आपल्या पराक्रमाची बढाई मारतो आणि तिसरी पाटी संपते. पुढची सापडलेली नाही.

मी हे घरी सांगितले तेव्हा धाकटी भाची उसळून म्हणाली, “मारलेच असणार तिने! उगीच का शस्त्र लपवून नेले?”

बहुतेक विद्वानांचाही कल तिकडेच आहे, आणि माझाही. पण यादी चार वेळा आली होती. सूड एकदाच घ्यायचा असतो. त्याची दुसरी प्रत कुठून आणायची?

“मग कंसात लिही ना, मामा!” ती म्हणाली.

कंस घालायला अलीकडे-पलीकडे एखादे तरी अक्षर लागते. इथे पाटीच नाही.