डोंगरवाटेचा चातुर्मास

अहिल्यानगर शहरातून पाथर्डीच्या रस्त्याने निघाले, की सुमारे 13 किलोमीटरवर डोंगरमाथ्यावरची अष्टकोनी, तीनमजली दगडी वास्तू नजरेत भरते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती निजामशाहीतील मंत्री सलाबतखान दुसरा याची कबर आहे. हाच रस्ता पुढे पाथर्डी तालुक्यात उतरतो. तेथील चिचोंडी हे आचार्यसम्राट आनंदऋषिजी महाराजांचे जन्मगाव. 1900 साली तेथे जन्मलेल्या या महापुरुषाने आयुष्यभर पायी विहार केला आणि 1992 मध्ये नगर येथेच देह ठेवला.

आता या डोंगराच्या चढावर सुटीच्या दिवशी पहाटे सायकली दिसतात. त्यांत आपल्या व्यापारी घरांतील तरुणही असतात. दिवसभर गादीवर बसणाऱ्या शरीराला हा व्यायाम मानवतो. डांबरी चढ अंगवळणी पडला, की मुले जाड टायरच्या सायकली घेऊन मुरमाड पायवाटांकडे वळतात. पडझडीची खरी भीती तेथेच असते.

आषाढात मात्र या पायवाटा बंद समजाव्यात. काळी चिकणमाती चाकाला लपेटून बसते, चाक फिरेनासे होते. भिजल्या वाटेवर उमटलेली चाकोरी पुढच्या पावसात ओहोळ होते आणि डोंगर झिजतो. त्याहून मोठे कारण आपल्या धर्मात आहे. या दिवसांत मृगाचे किडे, गांडुळे, गोगलगायी, कोवळे अंकुर यांनी जमीन सजीव झालेली असते. साधु-साध्वी आषाढ पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत विहार थांबवतात तो याच जीवदयेपोटी. डोंगरवाटेवरच्या सायकलस्वाराने हा नियम आनंदाने पाळावा.

परंतु चातुर्मास म्हणजे आळस नव्हे. विहार थांबतो तेव्हा स्वाध्याय वाढतो. व्यापारीही मंदीच्या महिन्यांत गोदाम झाडतो, मालाची मोजदाद करतो, थकलेली उधारी काढून पाहतो. सायकलस्वाराची उधारी म्हणजे त्याच्या उणिवा. ज्याला चढ आवडतो तो चढच चढत राहतो आणि उताराची भीती वर्षानुवर्षे तशीच राहते.

त्या भीतीवर सोसायटीच्या फरसबंद अंगणातही उपाय करता येतो. प्रथम तोल साधावा: दोन खुणांमधील अंतर पाय न टेकता शक्य तितक्या सावकाश पार करावे. मग ब्रेक शिकावेत. थांबवण्याची अधिक ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. पण तो एकदम आवळला तर स्वार पुढे फेकला जातो. म्हणून दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवावेत आणि शरीर किंचित मागे न्यावे. वळणापूर्वीच वेग कमी करावा आणि नजर वाट जिथे जायची तिथे ठेवावी. चाक नजरेमागे जाते. चढावर ज्याचे पुढचे चाक उचलले जाते, त्याने छाती हँडलकडे झुकवावी व गिअर चढ लागण्याआधीच हलका करावा. पाठ आणि पोट दुबळे असेल तर घरच्या सतरंजीवर रोज थोडा व्यायाम करावा. हेल्मेट अंगणातही असावे.

पर्युषणात उपवास असेल त्या दिवशी श्रम करू नयेत. चौविहार पाळणाऱ्यांनी सराव सकाळी ठेवावा. संध्याकाळी घाम गाळून रात्रभर पाण्यावाचून राहणे शरीराला जड जाते.

घरातील वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. मुलगा पडेल या काळजीने सायकल काढून घेऊ नये. त्याला कोणती गोष्ट जमत नाही, हे प्रेमाने विचारावे. प्रतिक्रमणात आपण दिवसभराच्या दोषांकडे न लाजता पाहतो. तीच दृष्टी त्याला या चार महिन्यांत मिळाली, तर कार्तिक पौर्णिमेनंतर कोरड्या झालेल्या वाटेवरून तो उतरेल तेव्हा हात ब्रेकवर थरथरणार नाहीत आणि घरी वाट पाहणारी आईही निर्धास्त असेल.