दुधापलीकडचा वास

ओल्या नागलीला एक वास असतो. रात्रभर भिजवलेली, सकाळी निथळलेली नागली जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात बांधून खुंटीला टांगली, की पहिला दिवस नुसत्या ओल्या कापडाच्या वासातच जातो. दुसऱ्या पहाटे मात्र, घर अजून निजलेलं असताना, त्या पुरचुंडीतून काहीतरी हिरवट, गोडसर, मातीखालच्या मुळांचं असं दरवळू लागतं. गाठ सोडून पाहावं तर मोहरीएवढ्या त्या तांबड्या दाण्यांना पांढरे कोंब फुटलेले असतात, आणि ते एकमेकांत इतके गुंतलेले असतात की चार दाणे उचलायला जावं तर सगळा गोळाच हाती येतो. आज इतकी वर्षं लोटली, तरी तो वास आला की माझ्या डाव्या कोपराला एक उबदार भार जाणवतो, तिथे टेकलेलं एक घामेजलेलं डोकं जाणवतं, आणि मन पंचवटीतल्या माझ्या माहेरच्या स्वयंपाकघरात जाऊन उभं राहतं.

लेकीला सहा महिने भरून सातवा लागला होता. मुलीला विषम महिन्यात उष्टवायचं आणि मुलाला सम, हा आईचा हिशेब. सहा महिने पुरे होईपर्यंत अंगावरच्या दुधाशिवाय काही नको, पाण्याचा थेंबही नको, हा डॉक्टरांचा. दोघांचे हिशेब आपापल्या वाटेने येऊन एकाच आठवड्यात भेटले, तेव्हा मला केवढं बरं वाटलं होतं! आश्वलायनाच्या गृह्यसूत्रातही अन्नप्राशन सहाव्या महिन्यातच सांगितलं आहे. इतक्या जुन्या काळी कुणीतरी एखाद्या बाळाकडे फार जवळून, फार मायेने पाहिलं असणार. कारण ती वेळ बाळच सांगत असतं. आम्ही जेवायला बसलो की ती आईच्या मांडीवरून माझ्या ताटाकडे पाही. घास उचलला की तिची नजर हाताबरोबर वर येई, माझ्या तोंडापाशी थांबे, आणि मी चावू लागले की तिचेही ओठ हलत. महिनाभरापूर्वीपर्यंत ओठांशी काही लागलं की जीभ ते आपसूक बाहेर लोटायची. आता ती जीभ थांबायला, वाट पाहायला शिकली होती. पोटातून येताना आणलेली लोहाची शिदोरी याच सुमाराला सरत येते आणि दूध एकटं ती तूट भरून काढू शकत नाही, हे मला पुढे वाचून कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं, की ती मागते आहे.

आणि मी? मला ते मागणं हवंही होतं आणि नकोही होतं.

सहा महिने तिच्या अंगावर जे जे धरलं होतं, मनगटावरच्या त्या वळ्या, गालांचा तो भार, नखांची ती कागदापेक्षा पातळ वाढ, ते सगळं एकट्या माझ्यातून गेलं होतं. रात्री तिला जवळ घेतलं की तिच्या उघड्या तोंडातून दुधाचाच वास यायचा, किंचित आंबूस, किंचित गोड, आणि मला ठाऊक होतं की या जगात या वासाला माझ्याखेरीज दुसरं मूळ नाही. तो वास मी किती वेळ घेत बसायची! झोपेने डोळे मिटत असत, पाठ भरून आलेली असे, तरी नाक तिच्या ओठांपाशी.

नागली आई बुधवारच्या बाजारातून आणायची. गोदाघाटावरच्या त्या आठवडे बाजारात पेठ-सुरगाण्याकडच्या बायका गोणपाटावर नागली, वरई, उडीद, रानभाज्या मांडून बसत. आईने मूठभर नागली तळव्यावर घेऊन फुंकर मारली, तशी समोरची मावशी म्हणाली, "लेकरासाठी ना? मंग ही घे ताई, औंदाची हाय." पैसे घेऊन झाल्यावर तिने आपण होऊन आणखी एक मूठ पिशवीत टाकली आणि म्हणाली, "ही लेकराची." ती मूठ कायमची माझ्या लक्षात राहिली. उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण जाळून भाजलेला राब, त्यात टाकलेलं बी, आषाढातल्या कोसळत्या पावसात डोंगरउतारावर वाकून केलेली लावणी, दिवाळीच्या आसपासची कापणी: एवढं सगळं त्या मुठीत होतं, आणि ते माझ्या लेकीच्या पोटात जाणार होतं. माझ्या दुधानंतर तिला वाढवायला निघालेली पहिली बाई ती होती.

सत्त्व करण्याचं काम आईने कुणावर सोपवलं नाही. कोंब आलेली नागली तिने माजघरातल्या सावलीत पसरली, कडक उन्हात नाही. वाळल्यावर हातावर चोळून कोंब झाडले, पाखडले, आणि मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ती भाजायला घेतली. आता वास पार बदलला. पहाटेचा तो हिरवटपणा गेला आणि त्या जागी खरपूस, खोल, उंबऱ्यापर्यंत पोहोचणारा दरवळ आला. शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं, "उष्टावण कधी आहे हो?" दळून आणलेलं पीठ आईने पुन्हा मलमलीच्या फडक्यातून गाळलं. फडकं पातेल्याच्या तोंडावर ताणून धरायचं, वर चिमूट चिमूट पीठ टाकायचं आणि बोटांच्या टोकांनी गोल गोल फिरवत राहायचं. खाली पडत होतं ते पीठ होतं असं म्हणायलाही मन होत नाही, इतकं ते हलकं होतं. कढईच्या वाफेनेही उडेल असं. वर उरलेला कोंडा तिने गाईच्या घमेल्यात टाकला. दुपारभर ती न बोलता तेच करत राहिली आणि मी लेकीला पाजत समोर बसून राहिले. मला वाटतं, आईच्या आणि माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात शांत दुपार असेल.

मोड आणण्यामागचं शास्त्रही सुंदर आहे. दाणा अंकुरला की त्याच्यात एक पाचक द्रव्य जागं होतं आणि ते पिष्टाला तोडू लागतं. म्हणून मोड आलेल्या धान्याची पेज दाटून बसत नाही. साध्या पिठाची एवढी पेज करावी तर चमचा उभा राहील. मोडाच्या पिठाची तेवढीच पेज ओठांवरून सरकते. बाळाचं पोट केवढं? त्याच्या मुठीएवढं. त्यात पाणीच फार गेलं तर अन्नाला जागा कुठे उरणार! शिवाय शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळाच्या कितीतरी पट. आईने यातलं एकही नाव ऐकलं नव्हतं. तिच्या आईने केलं होतं, तसं ती करत होती.

उष्टावणाचा दिवस थंडीतला होता. पाटाभोवती रांगोळी, निरांजन, सराफ बाजारातून आणलेली चांदीची वाटी, आणि माझा धाकटा भाऊ, जो मामा म्हणून पहिल्यांदाच मानाच्या पाटावर बसला होता. तांदळाची मऊ खीर होती, सोबत नागलीचं सत्त्व, वर साजूक तुपाचा थेंब. गृह्यसूत्रात दही, तूप आणि मध घातलेलं अन्न द्यायला सांगितलं आहे. मध मात्र आम्ही टाळला, कारण त्यात असू शकणारे जिवाणूंचे बीजाणू वर्षाआतल्या बाळाच्या पोटात रुजून विष तयार करू शकतात, हे डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, आणि आईनेही क्षणभर विचार करून ते मानलं. शास्त्राला प्रेमाने मुरड घालावी ती अशी.

भावाचा हात थरथरत होता. सोन्याची अंगठी खिरीत बुडवून त्याने तिच्या ओठांना लावली, मग बोटाच्या टोकावर नागलीचं तांबूस, चकाकतं सत्त्व घेतलं. ती आधी त्याच्याकडे पाहत होती, बोटाकडे नाही. सत्त्व जिभेवर टेकलं तशी ती थबकली. भुवया जवळ आल्या, नाकपुड्या किंचित फुलल्या, आणि तोंडात आलेलं ते परकं, दूध नसलेलं काहीतरी तिने जिभेने एकदा पुढे आणलं, ओठांवर आणलं, हनुवटीवर ओघळू दिलं. सगळे हसले. भावाने ते पुसायला हात पुढे केला, तोच तिने जीभ बाहेर काढून ओठावरचं परत आत घेतलं. या वेळी गिळलं. गळ्यापाशी एक बारीकशी हालचाल झाली, मी ती डोळ्यांनी पाहिली, आणि मग तिने तोंड उघडलं. पुन्हा.

माझ्या डोळ्यांत पाणी का आलं, ते कुणीच विचारलं नाही. आईने फक्त पाठीवर हात ठेवला.

त्या रात्री तिला जवळ घेतलं तेव्हा तिचा श्वास बदललेला होता. दूध होतं, पण दुधाच्या पाठीमागे भाजल्या नागलीचा आणि तुपाचा अगदी पुसट दरवळ होता. लंगोटाचा वासही पुढच्या दोन दिवसांत बदलला, आणि आई ते पाहून समाधानाने म्हणाली, "आता लागलं हो अन्न." मी मात्र तिच्या ओठांपाशी नाक नेऊन तो नवा श्वास घेत राहिले. त्यात माझ्या आईची दुपार होती, भावाचं थरथरतं बोट होतं, बुधवारच्या बाजारातल्या मावशीची मूठ होती, सुरगाण्याचा डोंगर होता. माझं एकटीचं राज्य संपलं होतं. आणि किती माणसं आत आली होती!

पुढे एकदा पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडीत अन्नप्राशनाचा कार्यक्रम पाहिला. १९७५ च्या गांधी जयंतीला सुरू झालेल्या बालविकास सेवा योजनेतून आलेल्या या अंगणवाड्या. २०१८ मध्ये पोषण अभियान आलं तेव्हापासून तिथे बाळांचं उष्टावण गावासमोर साजरं होऊ लागलं. सेविकाताईंनी फरशीवर रांगोळी काढली होती, स्टीलच्या वाटीत नागलीची पातळ पेज होती, आणि पाड्यावरच्या बाया बाळांना मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळ्यांत लहान आई एकोणीस-वीस वर्षांची असेल. तिच्या लेकाने पहिला चमचा गिळला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी ओळखलं. पण तिला माझ्यासारखं महिनोन् महिने बाळाजवळ बसून राहता येणार नव्हतं. दिवाळीनंतर ही कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. बांधावरच्या झाडाला झोळी बांधायची, आणि मोठ्या बहिणीने, जी स्वतःच सात-आठ वर्षांची असते, झोका देत राहायचं. त्या झोळीपाशी वेळेवर वाटीभर पेज पोहोचते का, तीन वेळा पोहोचते का, यावर एका आयुष्याची उंची ठरते. ज्यांच्या डोंगरावरची नागली खाऊन माझी लेक मोठी झाली, त्यांच्याच लेकरांच्या वाटीत ती पुरेशी नसावी, हे मला आजही सहन होत नाही. आषाढात कणगी तळाला गेलेली असते, लावणीची घाई असते, आणि नेमकं तेव्हा एखादं बाळ सातव्या महिन्यात येतं. बाळाची भूक हंगाम पाहत नाही.

लेकीचं पुढचं खाणं भराभर वाढलं. वरणाचं पाणी, मग भाजलेल्या तांदूळ-मुगाच्या भरडीचं खिमट, मग घोटीकडच्या इंद्रायणीचा गुरगुट्या भात, ज्याच्या सुगंधाने ती रांगत चुलीशी यायची. माघ-फाल्गुनात घरात द्राक्षांच्या पेट्या आल्या. नाशिकच्या लेकराला द्राक्ष द्यायची सगळ्यांनाच घाई असते, पण अख्खं द्राक्ष घशात अडकतं. म्हणून आई एकेक सोलून, चार उभे तुकडे करून तिला देई, आणि तेही स्वतः समोर बसून.

आता ती लेक स्वतः आई आहे. गंगापूर रोडवरच्या तिच्या घरात मीठ-साखरेला वर्षभर बंदी आहे, आणि मला ती पटते. आईने खिरीत घातलेला गुळाचा खडा मीही आता घातला नसता. नागली मात्र तिने हट्टाने घरीच भिजवली, फडक्यात बांधली, मिक्सरवर दळली, आणि मला व्हिडिओवर दाखवलं, "आई, बघ ना, एवढे मोड बरोबर आहेत का?" माझ्या मुलाने, म्हणजे बाळाच्या मामाने, परवा पहिला घास भरवला. नातवाने नागलीला तोंड वाकडं केलं, पुन्हा केलं, तिसऱ्यांदा मान फिरवली. दुधीचा मऊ लगदा मात्र तो टाळ्या वाजवून खातो. लेक हिरमुसली. मी तिला म्हटलं, खाऊ दे गं दुधी; नवी चव पटायला कधी कधी आठ-दहा वेळा समोर यावी लागते. नागली पुढच्या आठवड्यात परत देऊ, थोडी पातळ करून.