पेन्सिलीची रेघ

आजोबा गेल्यावर त्यांच्या उधारीच्या वह्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला घरात दुसरे कोणते काम मिळणार! वही कशीही वाकडी धरली तरी मोबाइल पानाच्या चारही कडा अचूक पकडायचा. त्याला कड कशी समजते, या कुतूहलाने मी वाचू लागलो.

फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. शेजारच्या आकड्यांत एकदम मोठा फरक पडला, की तिथे कड. पण सुटे ठिपके म्हणजे रेघ नव्हे. ठिपक्यांतून सरळ रेघ शोधण्याची युक्ती पॉल हफ यांनी अणुकणांच्या मार्गांचे फोटो तपासण्यासाठी काढली. १९६२ साली तिला पेटंट मिळाले; १९७२ मध्ये ड्यूडा आणि हार्ट यांनी ती सुटसुटीत केली. वाचताना वाटले, ही तर आमची खतावणीच! प्रत्येक ठिपका म्हणजे रोजकीर्दीतली नोंद. त्यातून जाऊ शकणाऱ्या प्रत्येक रेघेच्या खात्यात एकेक जमा करायचा. शेवटी ज्या खात्यात जमा जास्त, ती खरी रेघ. मधले काही ठिपके पुसले गेले तरी बिघडत नाही.

मी खुशीत फोटोंवरून बाकीची यादी करून वडिलांना दिली. यादीतले एक कन्नड शेतकरीकाका दुकानात आले, तेव्हा वडिलांनी बाकीचा विषय काढला. काका हळूच म्हणाले, "पाऊस नव्हता त्या वर्षी अज्जांनी त्यावर गेरे ओढली होती." गेरे म्हणजे रेघ.

मी माळ्यावरून मूळ वही काढली, उजेडात तिरकी धरली. सबंध खात्यावर पेन्सिलीची पुसट रेघ होती. फोटो काळापांढरा करताना ठरावीक मर्यादेहून फिके ते सारे कोऱ्या कागदात जमा झाले होते. जॉन कॅनी यांच्या १९८६ च्या पद्धतीत अशा दोन मर्यादा असतात. ठळक कड ठेवायची. मधली फिकी कड ठळक कडेला जोडलेली असेल तरच ठेवायची. आजोबांच्या रेघेला काकांच्या आठवणीखेरीज कशाचाच आधार उरला नव्हता.

वडिलांनी काकांची माफी मागितली. उधारी शाईने लिहिणाऱ्या आजोबांनी माफी पेन्सिलीने का लिहिली, कोण जाणे! मी सगळ्या वह्या पुन्हा पाहतो आहे, या वेळी डोळ्यांनी. आतापर्यंत आणखी सहा रेघा सापडल्या आहेत.